सुईवाटे आलेली माता

रस्त्याकडेच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, एक जीप उभी होती. सीटपर्यंत पाणी. वायपर चालू होते. पाऊस नव्हता.

*

एकवीस दिवस त्या घरात मोहरी तडतडली नाही.

*

प्रश्न ११. गेल्या सात दिवसांत आपण कोणतेही औषध घेतले आहे काय? (हो / नाही / आठवत नाही)

*

डोरल्यात दोन वाट्या, बारा काळे मणी आणि एक किल्ली.

*

कुंभाराचं गाढव शनिवारी सकाळी आणलं, सोमवारी परत नेलं. मधल्या वेळात त्यानं वाळत घातलेल्या लुगड्याचा अर्धा पदर खाल्ला. कुणी त्याला हाकललं नाही.

*

बालाघाटच्या त्या मंगल कार्यालयात चातुर्मासात लग्नं नव्हती, पण दारांवरच्या पाट्या तशाच होत्या : ‘वर पक्ष’, ‘वधू पक्ष’. वर पक्षाच्या खोलीत एक फ्रीज होता. फ्रीजमध्ये चाळीस माणसांच्या नावाच्या कुप्या होत्या, आणि कुठल्या कुपीत काय आहे ते त्या इमारतीतल्या एकाही माणसाला माहीत नव्हतं.

*

सुरुवात जीपपासून करावी लागेल, कारण बोडीतली जीप ही प्रेमलालची होती.

प्रेमलाल लांजी-बालाघाट रस्त्यावर सवारी मारायचा. अकरा वर्षं. जीप त्यानं एका जंगल ठेकेदाराकडून जुनी घेतली होती. तिची सीट ठेकेदाराच्या मापानं दबलेली होती, ती प्रेमलालच्या कमरेला कधी जुळलीच नाही. कंबर धरायला लागली. एका सवारीनं खिशातून पिवळी कॅप्सूल काढून दिली. अफूच्या खानदानातली, पण कोटपँट घालून आलेली. एक घेतली की कंबर राहायची. दोन घेतल्या की रस्ता सुधारायचा. चार घेतल्या की समोरचा ट्रकवालाही सज्जन वाटायचा. नवावर गाडी आली तेव्हा मे महिना होता, दुपारचे तीन, आणि जीपमध्ये अकरा माणसं नि एक बकरी.

जीप रस्ता सोडून बोडीत उतरली ती म्हैस उतरते तशी, घाई न करता. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. आधी बकरी डाव्या दारानं आपणहून उतरली आणि पोहत काठाला लागली. मग तिच्या मागोमाग अकरा माणसं. प्रेमलाल जागेवरच बसून होता. त्यानं काच पुसायला वायपर लावले आणि आरशात बघून विचारलं, “किरणापूरवाले कोन हाय? या पुढं.”

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरनं जीप ओढून काढली. लांजीच्या मिस्त्रीनं इंजिन वाळवून दिलं. जीप अंगणात येऊन उभी राहिली आणि सत्यभामानं किल्ली काढून स्वतःच्या डोरल्यात ओवली.

“त्या कॅप्सुलीचा अन् तुमचा काडीमोड झाल्याचा कागद आना,” ती नवऱ्याला म्हणाली. “मंग किल्ली.”

“असा कागद कोन देते?”

“मले काय मालूम? घेताना कागद लागला नाई, सोडताना लागन.”

प्रेमलालनं दोन महिने हात जोडून पाहिले. रुसून पाहिलं. जेवण सोडून पाहिलं, ते दुपारपर्यंत टिकलं. जीपशिवायचा प्रेमलाल म्हणजे पायाशिवायची खाट. चौकात लोक विचारायचे, “काय ड्रायव्हरसाहेब, आज पानी किती हाय?” त्याला किल्ली पाहिजे होती. बाकी त्याला जगात काही नको होतं.

म्हणजे, एक होतं. ड्रायव्हरच्या डोक्यावर उन्हासाठी जी झडप असते, तिच्यामागे त्यानं मे महिन्यातच एक पट्टी खोचून ठेवली होती. पिवळी, कोरी, दहाच्या दहा. बोडीचं पाणी तिथवर चढलं नव्हतं. हे सत्यभामाला माहीत नव्हतं. पट्टी जीपमध्ये, जीप अंगणात, किल्ली सत्यभामाच्या गळ्यात.

*

संघमित्रा लांजीची, व्यसन सोडवणाऱ्या दवाखान्याची कार्यकर्ती. सव्वीस वर्षांची, स्कूटीवर फिरणारी, पाठीवर फॉर्मांची बॅग. आधी तिनं प्रेमलालला पंधरा दिवस दवाखान्यात भरती करून गोळी सोडवली. त्या पंधरा दिवसांबद्दल प्रेमलाल कधी बोलला नाही. एवढंच म्हणाला की बोडी बरी होती. मग जुलैच्या शेवटी ती ओसरीवर येऊन बसली आणि तिनं लसीचं सांगितलं.

“अशी लस निघून राह्यली काका, का ते अंगात गेली म्हणजे रक्तामधी पहारेकरी तयार होतात. तुम्ही गोळी खाल्ली तरी ते तिले रक्तातच धरतात. डोक्यात चढूच देत नाहीत.”

“नाक्यावरचे फारेस्टवाले,” सत्यभामा म्हणाली.

“हौ काकू. तसेच.”

“मंग दहा-वीस रुपये देऊन सुटन ते गोळी.”

“हे पहारेकरी खात नाहीत,” संघमित्रा म्हणाली. “पण अजून पक्कं नाही ना. चाचणी हाय. चाळीस माणसं घेतली. वीस लोकायले खरी लस, वीस लोकायले नुसतं मिठाचं पानी. कोणाले काय देल्लं ते तुमालेही समजनार नाही, मलेही नाही, डॉक्टर मॅडमलेही नाही.”

ओसरीच्या कोपऱ्यात प्रेमलालची आई लीलाबाई मोहाची वाळलेली फुलं निवडत होती. तिनं मान वर न करता विचारलं, “ज्याले काहीच मालूम नाही, त्याच्या हाती सुई काहून देता व?”

संघमित्राकडे या प्रश्नाचं सोळा पानी उत्तर होतं. त्यावर प्रेमलालनं तीन ठिकाणी सही केली, कारण दोन्ही सुया घेतल्या की शिक्क्याचा कागद मिळणार होता. एक गोष्ट मात्र तिनं तोंडीही सांगितली, दोनदा सांगितली, आणि सत्यभामाकडे बघून सांगितली : लस खरी का खोटी हे बघायला कुणी गोळी खायची नाही. एक खाल्ली, काही वाटलं नाही, म्हणून दहा खाल्ल्या, तर झोपेतच श्वास थांबतो.

“कोन खाते?” प्रेमलाल म्हणाला.

“प्रश्न चौदा,” संघमित्रानं पेन उघडलं. “आपल्याजवळ किंवा घरात सदर प्रकारच्या गोळ्या शिल्लक आहेत काय? असल्यास संख्या.”

“नाई.”

हे उत्तर इतक्या लवकर आलं की संघमित्रानं त्याच्याकडे एकदा पाहिलं. मग लिहून घेतलं.

*

सुई सोमवारी टोचली. दुसरी एकविसाव्या दिवशी, दोन दिवस मागेपुढे चालतील. त्यापुढे गेलं तर नाव कटणार. रांगेत लोकांनी आधीच ठरवून टाकलं होतं की वधू पक्षाच्या खोलीत खरी लस मिळते, कारण पोरीकडचे लोक फसवत नाहीत. त्यामुळे वर पक्षाच्या दाराशी कुणी उभंच राहीना. डॉक्टर ज्योत्स्ना नागपूरहून आलेल्या. त्यांनी बाहेर येऊन सांगितलं की दोन्ही खोल्यांत एकाच फ्रीजमधल्या कुप्या जातात. त्यावर सुखराम नावाचा शेजारच्या गावचा गडी म्हणाला, “मॅडम, तुमालेच मालूम नाही म्हनता, मंग हे तरी कसं मालूम?” डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि दोन्ही पाट्यांवर कागद चिकटवायला लावले.

मंगळवारी संध्याकाळी प्रेमलालला ताप भरला. बुधवारी सकाळी सुई टोचलेल्या दंडावर तीन लाल पुटकुळ्या होत्या.

सोळा पानांतल्या नवव्या पानावर हे लिहिलेलं होतं : सौम्य ताप, पुरळ, दोन-तीन दिवसांत आपोआप कमी होईल. पण लीलाबाईला वाचता येत नव्हतं आणि पुटकुळ्या मोजता येत होत्या. तिनं दंड उजेडात धरला, एक, दोन, तीन, आणि हात जोडले.

“माता आली.”

“माय, सुईची पुरळ हाय ते,” प्रेमलाल म्हणाला.

“सुईवाटे आली,” लीलाबाई म्हणाली. “आजकाल तसीच येत असन.”

अर्ध्या तासात दाराला निंबाचा डहाळा लागला. चपला बाहेर गेल्या. फोडणी बंद, तळण बंद, दाढी बंद. परका माणूस आत येणार नाही, घरचा माणूस शिवेबाहेर जाणार नाही. जेवायला फिका भात नि दही. आणि सगळ्यांत मोठा नियम : माता अंगात असताना त्या माणसाला कसलंही औषध द्यायचं नाही. औषध दिलं की माता कोपते. असं किती दिवस? सात, चौदा नाही तर एकवीस. लीलाबाईनं विचार करून सांगितलं, सुईवाटे म्हणजे लांबून आली, दमली असेल. एकवीस. आणि निरोप शुक्रवारीच, कारण माता शुक्रवारीच निघते.

*

आजाऱ्याला त्या दिवसांत नावानं हाक मारत नाहीत. तो माताच असतो. बेचाळीस वर्षांच्या, मिशावाल्या प्रेमलालच्या खाटेशी येऊन त्याची सख्खी आई विचारायला लागली, “माय, पानी पेता का?”

पहिले दोन दिवस तो लाजला. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि त्याच्या ध्यानात आलं की देवीला कुणी नाही म्हणू शकत नाही.

“किल्ली,” तो डोळे मिटून म्हणाला.

लीलाबाई धावत चुलीपाशी गेली. “सत्यभामा व, माता किल्ली मांगते.”

सत्यभामा आली. तिनं खाटेसमोर हात जोडले, डोकं टेकलं. तिचा चेहरा अगदी भक्तीचा होता.

“माय, कायची किल्ली जी?”

“जीपची.”

“माय, तुमचं वाहन त गाढव हाय,” सत्यभामा म्हणाली. “फोटोत पाह्यलं मी. तुमी जीप कवापासून चालवून राह्यल्या?”

प्रेमलालनं एक डोळा उघडला. लीलाबाईनं दोन्ही गालांवर चापट्या मारून घेतल्या, की एवढी मोठी गोष्ट आपल्याकडून राहून कशी गेली. शनिवारी सकाळी कुंभाराचं गाढव अंगणात बांधलेलं होतं, जीपच्या बाजूलाच. मातेच्या इच्छेसाठी प्रेमलालला त्याच्यावर बसवून अंगणात तीन फेऱ्या मारल्या. कमरेला जीपच्या सीटपेक्षा ते बरं होतं हे त्याला कबूल करावं लागलं.

*

फोनवर, मातेचा आठवा दिवस.

“प्रश्न अकरा, काका. गेल्या सात दिवसांत कोणतं औषध?”

“माता घरात असताना औषध? माय मारून टाकन.”

“तापाची गोळी? खोकल्याचं काही?”

“संघमित्रा, फोडनीचा वास नाही आठ दिवसांपासून. तू खोकल्याचं इचारते.”

“आणि ते... पिवळी? मन झालं?”

प्रेमलालनं बाहेर पाहिलं. अंगणात गाढवाची जागा रिकामी होती. जीप तिथंच होती.

“मन रोज होते,” तो म्हणाला. “आता त अभ्यासासाठी होते. एकच खायची. चढली त पानी होतं, नाही चढली त खरी लस. साधी गोष्ट हाय. तुमच्या मॅडमनं एवढी चाळीस मानसं कायले जमवली?”

“काका.”

“खाल्ली नाही व. सांगून राह्यलो.”

“प्रश्न चौदा?”

“नाई.”

संघमित्राला घरची आजी आठवली. त्यांच्या घरात देव नव्हते, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, तरी गोवर निघाला की आजी कुणाला न सांगता उशीखाली निंबाचा पाला ठेवायची. फॉर्मवर मातेसाठी रकाना नव्हता. ‘इतर’ या चौकटीत तिनं लिहिलं : ‘घरगुती पथ्य’.

त्याच दुपारी सगळे झोपलेले असताना प्रेमलाल खाटेवरून उठला, अंगणात गेला आणि जीपच्या डाव्या बाजूला उभा राहिला. दारावर हात ठेवला. दारावरची धूळ त्यानं तळहातानं पुसली, नंतर बाहीनं पुसली, मग सगळं दार लखलखीत झाल्यावर परत येऊन खाटेवर पडला. सत्यभामा ओसरीतून बघत होती. तिला वाटलं, बिचाऱ्याला जीपची आठवण येते.

*

आता चाचणीत चूक कुठं झाली ते. प्रेमलालच्या घरी झाली नाही. सुखराममुळे झाली.

सुखराम मातेच्या घरात शिरू शकत नव्हता, म्हणून कुंपणापलीकडून बोलला.

“माता आली म्हनते तुले.”

“हौ.”

“ताप?”

“होता. पुटकुळ्या पन. तीन.”

सुखरामचं तोंड पडलं. “म्हंजे तुले खरी भेटली. मले काहीच नाही झालं बापा. माह्या दंडात पानी भरलं त्याहीनं.”

तो सायकल हातात धरून चालत घरी गेला. त्याच्या आईला पोराचं तोंड बघवेना. तिनं त्याची मान तपासली. मानेवर श्रावणातलं घामोळं होतं. संध्याकाळी सुखरामच्या दाराला निंब लागला.

मग किरणापूरकडे एकाला आली. बैहरकडे दोघांना आली. आपल्या माणसाला नुसतं पाणी मिळालं हे कुठल्याच आईला मान्य नव्हतं. कुणाच्या पाठीवर डासाचा चावा, कुणाच्या हनुवटीवर दाढीचा फोड. शोधलं की सापडायचं. पंधराव्या दिवसापर्यंत चाळीसपैकी छत्तीस घरांत माता होती. पिवळी गोळी टेबलाखालून विकणारे सुद्धा त्या घरच्यांना हात जोडत होते : आमच्या दुकानावर मातेचा कोप नको, शुक्रवारनंतर या.

पुढं अहवाल निघाला तेव्हा त्यात बालाघाट केंद्राबद्दल एकच ओळ होती : ‘दोन्ही गटांत गोळीपासून दूर राहण्याचे प्रमाण अनपेक्षितरीत्या सारखे आढळले, कारण अस्पष्ट.’

*

एकविसाव्या दिवशी, सोमवारी, मंगल कार्यालयात चाळीस खुर्च्या मांडल्या. चार माणसं आली. मंगळवारी कुणीच आलं नाही. मंगळवारी संध्याकाळी संघमित्रानं डॉक्टर ज्योत्स्नांना ‘घरगुती पथ्य’ म्हणजे काय ते सांगितलं. डॉक्टरांनी रिकाम्या खुर्च्या मोजल्या.

“आणि हे निघणार कधी?”

“शुक्रवारी, मॅडम.”

“आपली मुदत बुधवारी पाचला संपते.”

“हौ.”

“चाळीसातली छत्तीस नावं कटतील. केंद्र बंद होईल.”

“हौ मॅडम,” संघमित्रा म्हणाली. “सुरुवात ज्यांच्यापासून झाली, त्यांच्याकडे जाऊन पाहू.”

बुधवारी सकाळी साडेदहाला डॉक्टरांची गाडी प्रेमलालच्या अंगणात आली. डॉक्टरांनी चपला रस्त्यावरच काढल्या. त्यामुळे लीलाबाईचं मत जरा मऊ झालं. ओसरीच्या पायरीवर बैठक बसली. आत खाटेवर प्रेमलाल कान देऊन पडला होता. नाव कटलं की कागद नाही, कागद नाही की किल्ली नाही. एवढा हिशोब त्याला पाठ होता.

“आजी, दुसरी सुई आजच लागेल,” डॉक्टर म्हणाल्या. “एकवीस दिवस सोमवारीच झाले.”

“तुमी सुईपासून मोजता. मी तापापासून मोजतो. आन् मोजून झालं तरी शुक्रवारच पाह्यजे.”

“देवीला दोन दिवस आधी निरोप देता येत नाही?”

“तुमच्या घरून पाव्हन्याले दोन दिवस आधी काढता का?”

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. संघमित्रा नखाशी खेळायला लागली. तेव्हा सत्यभामा चुलीपासून उठली, हात पुसले आणि सासूजवळ येऊन बसली.

“आत्याबाई, मी एक इचारू का? माता आली कोठून?”

“सुईवाटे.”

“सुई कोठं होती?”

“बालाघाटले.”

“मंग माता बालाघाटची झाली. आपन तिले इथल्या मातामायच्या ठान्यावरून निरोप देऊन राह्यलो. ते आपल्या गावची हायच नाही. जिथून आली तिथूनच लावून द्या लागन ना? परक्या गावची लेक आपन चौकातून लावून देतो का?”

लीलाबाईनं मोहाची फुलं निवडणं थांबवलं.

“अन् शुक्रवार?” तिनं विचारलं.

“शुक्रवार गावच्या मातेचा. सुईवाल्या मातेचा वार कोन ठरवते?” सत्यभामानं डॉक्टरांकडे मान वळवली. “मॅडम, सुईचा वार कोन्ता?”

डॉक्टर हुशार होत्या, पण हुशारीपेक्षा त्या क्षणी त्या दमलेल्या होत्या. “बुधवार,” त्या म्हणाल्या. “पाच वाजेपर्यंत.”

“सुईवाटे आली, सुईवाटेच जाईन,” लीलाबाई शेवटी म्हणाली, जणू ते तिनंच शोधून काढलं होतं. मग तिनं संघमित्राला फोन लावायला सांगितला. छत्तीस घरांना एकेक करून कळवलं गेलं, फोन स्पीकरवर ठेवून. प्रत्येक घरची म्हातारी आधी भांडायची, मग लीलाबाई म्हणायची, “मी लांजीकडची लीलाबाई बोलून राह्यलो. पह्यली माता माह्या घरी आली.” त्यावर म्हातारी निघायची वेळ विचारायची.

राहिला प्रश्न मातेला बालाघाटला न्यायचं कसं. डॉक्टरांच्या गाडीत जागा होती, पण लीलाबाईनं आत हात घालून सीट चाचपली आणि हात मागे घेतला. चामडं. मातेला चामडं चालत नाही. बस दोनला, पोचायला पाच वाजून जातील. गाढवाचा विषय सत्यभामानं स्वतःच काढला नाही.

अंगणात सगळे जीपकडे बघायला लागले. रेक्झिनची सीट.

“चालवन कोन?” लीलाबाई म्हणाली.

सत्यभामा खूप वेळ उभी राहिली. तिला बोडी आठवत होती, बकरी आठवत होती, वायपर आठवत होते. मग तिनं डोरलं मानेवरून पुढं ओढलं, गाठ सोडली, आणि खाटेवर पडलेल्या देवीच्या तळहातावर किल्ली ठेवली.

“माय,” ती म्हणाली, “मी मागंच बसून राह्यलो हाय.”

*

तीन महिने उभी असलेली जीप किल्लीनं सुरू झाली नाही. अर्ध्या गावानं ढकलली. स्टेअरिंगवर माता, कानात निंबाचा पाला, एकवीस दिवसांची दाढी. बाजूला लीलाबाई, मांडीवर दहीभाताचं पातेलं. मागे सत्यभामा आणि पुढच्या गावाला चढलेला सुखराम. मग बोडी आली. प्रेमलालनं गाडी इतकी हळू नेली की एक सायकलवाला पुढं निघून गेला.

“इथं पानी किती हाय आज?” सुखराम म्हणाला.

“गप,” सत्यभामा म्हणाली.

मंगल कार्यालयाच्या दारात पावणेचारला पोचले. आत निंबाचं जंगल उभं होतं. खुर्च्या भरल्या होत्या आणि प्रत्येक खुर्चीमागे एक म्हातारी होती. कुणीतरी पाट्यांवरचे कागद फाडले होते. एकेकाला सुई टोचली की त्याची म्हातारी त्याच्या पायावर निंबाचं पाणी घालायची, मग दारापर्यंत जाऊन रिकाम्या हवेला हात हलवायची. दोघीतिघींच्या डोळ्यांत पाणीही आलं. त्या इमारतीनं पुष्कळ पाठवण्या पाहिल्या होत्या, तिला हे नवं नव्हतं. डॉक्टर ज्योत्स्ना एका हातात घड्याळ आणि दुसऱ्या हातात लीलाबाईनं दिलेला दहीभात घेऊन उभ्या होत्या.

प्रेमलालला सुई टोचली. माता गेली. आता तो परत प्रेमलाल होता.

“गाडी सावलीत लावून येतो,” तो म्हणाला.

जीपमध्ये तो एकटाच होता. हातात किल्ली होती. बायको आत होती. त्यानं झडप खाली केली आणि पट्टी मांडीवर पडली. जराशी कळकटली होती, बाकी होती तशी. त्यानं एका पिवळ्या फुगीवर अंगठा ठेवला. फुगी दबली, पुन्हा वर आली. नाही चढली तर खरी लस. चढली तर पाणी. प्रश्न एक, उत्तरं दोन, आणि दोन्ही उत्तरांनंतर पट्टीत नऊ गोळ्या उरत होत्या. त्या नऊंचं तो काय करील, हे कळायला चाळीस माणसं लागत नव्हती.

त्यानं गाडी खरंच सावलीत लावली आणि आत गेला.

“प्रश्न चौदा,” संघमित्रा वर न बघता म्हणत होती. “आपल्याजवळ किंवा घरात सदर प्रकारच्या...”

प्रेमलालनं पट्टी फॉर्मवर ठेवली.

तिनं पट्टीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “काका, तुम्ही चार वेळा नाही म्हटलं हाय. माह्यापाशी लिहून हाय.”

“दोनदा मी म्हटलं. दोनदा मातेनं.”

जमा केलेल्या गोळ्यांची पावती द्यायचा नियम होता. संघमित्रानं पावतीपुस्तक शोधलं. ते आजवर उघडलेलंच नव्हतं. तिनं लिहिलं : प्राप्त, कॅप्सूल, दहा, न उघडलेल्या. तारीख घातली, शिक्का मारला. प्रेमलालनं ती पावती नेऊन सत्यभामाच्या हातात दिली.

“हे काय?”

“काडीमोडाचा कागद.”

सत्यभामानं तो दोनदा वाचला. “कोठं होत्या?”

“जीपमधी. झडपेच्या मागं.”

“मे महिन्यापासून?”

“हौ.”

तिचा हात आपोआप गळ्याकडे गेला, जिथं आता किल्ली नव्हती. ती गळ्याशी हात धरून उभी राहिली. मग तिचा चेहरा हळूहळू असा झाला, जसा परीक्षेत पहिल्या आलेल्या पोराच्या आईचा होतो.

“म्हंजे मी किल्ली गळ्यात घातली म्हनून वाचले तुमी,” ती म्हणाली.

“हौ.”

“नाही त पह्यल्याच दिवशी खाल्ली असती.”

“हौ, खाल्ली असती.”

“लस-बिस काही नाही. किल्ली.”

“किल्लीच,” प्रेमलाल म्हणाला.

सत्यभामानं पावतीची घडी घातली आणि पोलक्यात ठेवली. लीलाबाईला हाक मारली, सुखरामला हाक मारली. “चला, गाडी काढा,” ती नवऱ्याला म्हणाली. “रस्त्यात मोहरी घ्या लागते. अन् तेल. आज भजे करतो.”

प्रेमलालनं गाडी काढली. सत्यभामा या वेळी पुढं बसली.

जीप घेतली त्या दिवसापासून तिचं डावं दार लॉक होत नव्हतं.